अडथळे ओलांडणारा दंतवैद्य

वॉर्डात नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. यांना कसलं व्यसन नाही, रोज पहाटे उठून चालायला जातात, तरुणपणी कबड्डी खेळलेत, मग हृदयाचं दुखणं यांनाच कसं झालं? विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असतेच, पण थोडी तक्रारही असते. व्यायाम म्हणजे जणू विम्याचा हप्ता. तो वेळेवर भरला, तरी कंपनीनं हात वर केले, अशा सुरातली तक्रार. उत्तर द्यायला सवड असली तर मी एका अमेरिकन दंतवैद्याची गोष्ट सांगतो. बहुतेक वेळा सवड नसते, म्हणून आज ती इथे सांगतो आहे.

आल्विन क्रेन्झलाइन हे नाव आज क्रीडाप्रेमींच्याही चटकन ओळखीचं नसतं. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं तीन दिवसांत चार स्पर्धा जिंकल्या: ११० मीटर अडथळा शर्यत, ६० मीटर धावणं, लांब उडी आणि २०० मीटर अडथळा शर्यत. चारही वैयक्तिक. जेसी ओवेन्सची १९३६ सालची चार सुवर्णपदकं आपल्याला माहीत असतात, कार्ल लुईसची १९८४ सालचीही. पण त्या दोघांचंही एकेक पदक रिलेचं होतं. ॲथलेटिक्समध्ये एकाच ऑलिंपिकमध्ये चार वैयक्तिक विजेतेपदं क्रेन्झलाइननंतर कुणालाही मिळालेली नाहीत.

त्याचा जन्म १२ डिसेंबर १८७६ चा, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. आईवडील जर्मनीहून आलेले. मुलगा लहान असतानाच कुटुंब मिलवॉकीला गेलं. त्या काळी हे शहर जर्मन वस्तीसाठीच ओळखलं जायचं. शाळेतच त्याच्या पायांची कीर्ती झाली. मग विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यानं अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. तिथून तो फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आला आणि विषय बदलून दंतवैद्यक शिकू लागला. त्याला तिथे ओढून आणणारं कारण म्हणजे प्रशिक्षक माइक मर्फी. या मर्फींना ऐकू कमी यायचं. शरीररचनेची त्यांना विलक्षण ओढ होती आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाचे धडेही त्यांनी काही काळ गिरवले होते. खेळाडूला नुसतं पळवायचं नाही, त्याचं शरीर कसं चालतं ते आधी पाहायचं, ही त्यांची पद्धत. अभियांत्रिकी सोडून दंतवैद्यकाकडे वळलेला विद्यार्थी आणि शरीरशास्त्राचं वेड असलेला प्रशिक्षक अशी ती जोडी होती. पुढे जे घडलं त्यात या दोन्ही गोष्टींचा वाटा असावा, असं मला वाटतं.

त्या काळातली अडथळा शर्यत आज पाहिली तर हसू येईल. इंग्लंडात मेंढ्यांना कोंडायला लाकडी कुंपणं वापरत, त्यावरून उड्या मारण्यातून हा खेळ आला. खेळाडू धावत यायचा, अडथळ्याजवळ वेग कमी करायचा, गुडघे पोटाशी घेऊन उडी मारायचा, पलीकडे धप्पकन उतरायचा आणि पुन्हा पळायला लागायचा. शर्यत दहा अडथळ्यांची, म्हणजे ही कसरत दहा वेळा. अडथळाही आजच्यासारखा धक्का लागताच पुढे कलंडणारा नव्हता. तसे, एल आकाराच्या पायाचे अडथळे १९३५ च्या सुमारास आले. क्रेन्झलाइनच्या काळी पाय अडकला तर माणूसच आपटायचा. त्यामुळे उंच उडी घेणं सुरक्षित, असं साधं गणित होतं.

क्रेन्झलाइननं हे गणित उलटं मांडलं. अडथळा ही उडी मारायची जागा नाही, ते धावतानाचंच एक लांब पाऊल आहे, अशा रीतीनं तो पळू लागला. पुढचा पाय सरळ समोर फेकायचा, छाती त्या मांडीकडे झुकवायची, मागचा पाय गुडघ्यात दुमडून बाजूनं आणायचा आणि उतरताच पुढचं पाऊल टाकायचं. दोन अडथळ्यांमध्ये नेमकी तीन पावलं. पुढचा पाय सरळ ठेवण्याची कल्पना त्याच्या आधी १८८६ साली ऑक्सफर्डच्या आर्थर क्रूमनं वापरून पाहिली होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या क्रेन्झलाइनला देणं बरोबर नाही. पण तिला घोटून, तिच्यावर विक्रम रचून जगाला ती पटवली त्यानंच.

यामागचं शास्त्र सोपं आहे. ११० मीटरच्या शर्यतीतला अडथळा १०६.७ सेंटिमीटर उंच असतो. सहा फुटी माणूस उभा असताना त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण एक मीटरवर, बेंबीच्या थोडा खाली असतो. म्हणजे उंच माणसाला तो गुरुत्वमध्य फारसा वर न्यावाच लागत नाही. अडचण असते ती पायांची. ते वाटेत लोंबकळतात. पाय पोटाशी घेऊन, धड ताठ ठेवून उडी मारली तर सगळं शरीर वर उचलावं लागतं. त्यासाठी जमिनीला जो रेटा द्यावा लागतो त्यातला मोठा हिस्सा वरच्या दिशेनं खर्च होतो आणि पुढचा वेग मारला जातो. हवेत असताना शरीर पुढे जातच असतं, तो वेळ फुकट जात नाही. पण हवेत पायांना रेटायला जमीन नसते, त्यामुळे वेग वाढवता मात्र येत नाही. म्हणून जमिनीवर लवकर परत येणं महत्त्वाचं. छाती पुढे झुकवली आणि पाय एकामागोमाग एक नेले, की गुरुत्वमध्य अडथळ्याला जवळजवळ घासून पलीकडे जातो.

शरीराकडून मात्र याची किंमत वसूल होते. समोरचा पाय सरळ फेकताना मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू पूर्ण ताणले जातात, तेही धावण्याच्या वेगात. मागचा पाय खुब्यातून एकाच वेळी बाहेर वळवावा आणि उचलावा लागतो. पाय असा फिरला की उरलेलं शरीर उलट दिशेनं वळू पाहतं, ते सांभाळायला विरुद्ध बाजूचा हात पुढे न्यावा लागतो. हे सगळं सेकंदाच्या अंशात. चाळिशीनंतर जमिनीवर बसून पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही हॅमस्ट्रिंग म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

निकाल लगेच दिसला. १८९८ साली त्यानं १२० यार्डांची अडथळा शर्यत १५.२ सेकंदांत आणि २२० यार्डांची, कमी उंचीच्या अडथळ्यांची शर्यत २३.६ सेकंदांत जिंकली. यातला दुसरा विक्रम सुमारे पाव शतक टिकला. लांब उडीतला जागतिक विक्रमही १८९९ मध्ये त्याच्याच नावावर होता. १९०० च्या एप्रिलमध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मायर प्रिन्स्टाइननं तो मोडला. हे नाव लक्षात ठेवा, ते दोनदा परत येणार आहे.

पॅरिसचं ते ऑलिंपिक म्हणजे जागतिक प्रदर्शनाच्या मांडवातला एक कोपरा होता. धावण्याच्या शर्यती झाल्या त्या बुआ द बुलोन्यच्या वनातल्या एका क्लबच्या हिरवळीवर. आखीव ट्रॅक नाही, जमीन उंचसखल, आणि थाळीफेकीच्या वाटेत झाडं. विजेत्यांना सुवर्णपदकं मिळाली नाहीत. चषक, पट्टिका, शोभेच्या वस्तू असं काहीबाही मिळालं, आणि आपण ऑलिंपिकमध्ये भाग घेतला हे अनेकांना पुढे कधीतरी कळलं.

१४ जुलैला, शनिवारी, क्रेन्झलाइननं ११० मीटर अडथळा शर्यत १५.४ सेकंदांत जिंकली. त्याच दिवशी लांब उडीची पात्रता फेरी झाली आणि तीत प्रिन्स्टाइन ७.१७५ मीटर उडी घेऊन पहिला होता. अंतिम फेरी आली रविवारी. रविवार हा ख्रिस्ती धर्मात प्रार्थनेचा दिवस, म्हणून अमेरिकन महाविद्यालयांनी त्या दिवशी खेळायला हरकत घेतली होती. प्रिन्स्टाइन स्वतः ज्यू. त्याला रविवारचं काहीच वावडं नव्हतं, पण त्याचं विद्यापीठ मेथॉडिस्ट पंथाचं असल्यानं त्याला उतरू दिलं गेलं नाही. क्रेन्झलाइनही उतरणार नाही असं त्याला वाटत होतं. क्रेन्झलाइन उतरला आणि त्यानं ७.१८५ मीटर उडी मारली. एका सेंटिमीटरनं विजेतेपद त्याचं झालं. सोमवारी पुन्हा समोरासमोर उड्या मारू, हे प्रिन्स्टाइनचं आव्हान त्यानं नाकारलं, तेव्हा प्रिन्स्टाइननं त्याच्या तोंडावर ठोसा लगावला, अशी हकिकत क्रीडा इतिहासात सांगितली जाते. माझी सहानुभूती प्रिन्स्टाइनकडे आहे. नियमात बसलं तरी मनात न बसणाऱ्या गोष्टी असतात, आणि हा एक सेंटिमीटर त्यातला.

त्याच रविवारी ६० मीटरची शर्यत त्यानं सात सेकंदांत मारली. सोमवारी १६ जुलैला २०० मीटर अडथळा शर्यत २५.४ सेकंदांत. या शेवटच्या शर्यतीत त्याच्या मागे दुसरा आलेला खेळाडू आपल्या जवळचा आहे. नॉर्मन प्रिचर्ड, जन्म कोलकात्याचा, शिक्षण तिथल्याच सेंट झेवियर्समध्ये. भारताच्या नावावर ऑलिंपिकची जी पहिली दोन रौप्यपदकं मांडली जातात, ती याच प्रिचर्डची. त्यातलं एक क्रेन्झलाइनच्या पाठीकडे पाहत मिळालेलं. त्याच महिन्यात लंडनच्या स्पर्धेतही १२० यार्ड अडथळ्यांमध्ये प्रिचर्ड त्याच्या मागे दुसरा आला होता. (याच अमेरिकन चमूत रे यूरी नावाचा खेळाडू होता. लहानपणी पोलिओ झालेल्या यूरीनं त्या सोमवारी जागेवरून मारायच्या उड्यांच्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.)

तेविसाव्या वर्षी, सगळं जिंकून, क्रेन्झलाइननं स्पर्धा थांबवल्या. दंतवैद्यकाची पदवी त्याच वर्षी हाती आली होती. फिलाडेल्फियात त्यानं काही काळ दवाखाना चालवला. पण मैदानानं त्याला सोडलं नाही. तो प्रशिक्षक झाला, आधी एका निवासी शाळेत आणि मग मिशिगन विद्यापीठात. १९१३ साली जर्मनीचे क्रीडा प्रशासक कार्ल डीम अमेरिकेत आले. १९१६ चं ऑलिंपिक बर्लिनला व्हायचं होतं, आणि अमेरिकन पद्धत शिकवणारा माणूस त्यांना हवा होता. क्रेन्झलाइनशी पाच वर्षांचा, ५० हजार डॉलरचा करार झाला. त्या काळात ही रक्कम डोळे दिपवणारी होती. आईवडिलांनी सोडलेल्या देशात मुलगा गुरू म्हणून परत गेला. वर्षभरातच महायुद्ध पेटलं. ते ऑलिंपिक झालंच नाही, आणि तो अमेरिकेत परतून पुढे आपल्या देशाच्या सैनिकांना शारीरिक शिक्षण देऊ लागला. युद्धानंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सहायक प्रशिक्षक आणि हिवाळ्यात क्यूबाच्या खेळाडूंना शिकवणं, असा त्याचा दिनक्रम होता. मैदानाशी त्याचा संबंध शेवटपर्यंत सुटला नाही.

१९२७ च्या अखेरीस त्याला प्लुरसी झाली, म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणाचा दाह. त्यामागोमाग एंडोकार्डायटिस. ६ जानेवारी १९२८ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी इथे तो गेला. वय ५१.

जगात सर्वांत वेगानं अडथळे ओलांडणारा माणूस हृदयाच्या आजारानं पन्नाशीत गेला, हे वाचल्यावर मनात एक शंका येतेच. अतिव्यायामानं तर नाही ना? ही शंका त्याच्या काळात डॉक्टरांनाही होती. धावपटूंचं हृदय ताणून निकामी होतं, असं अनेकजण मानत. पण क्रेन्झलाइन ऐन भरात असताना, १८९९ साली, स्वीडनच्या सालोमन हेन्शेन यांनी बर्फावर लांबवर स्की करणाऱ्या खेळाडूंची छाती बोटांनी ठोकून त्यांच्या हृदयाचा आकार तपासला. तो मोठा निघाला. आणि ज्यांचं हृदय असं मोठं, ते शर्यतीत पुढे होते. हेन्शेन यांनी निष्कर्ष काढला की हा आजार नाही, ही कमाई आहे. एकोच्या यंत्राशिवाय, नुसत्या बोटांनी काढलेला हा निष्कर्ष आजही मोडीत निघालेला नाही. ॲथलीट्स हार्ट हा शब्द आम्ही अजून वापरतो.

एंडोकार्डायटिस ही मात्र वेगळी गोष्ट. हृदयाला आतून एक पातळ अस्तर असतं, झडपाही त्याच अस्तराच्या. रक्तात शिरलेले जंतू या झडपांवर घर करतात, विशेषतः झडप आधीच खडबडीत झालेली असेल तर. त्यांच्याभोवती रक्तकणिकांचा आणि फायब्रिनचा थर चढतो आणि कोबीच्या फुलासारखे छोटे गड्डे तयार होतात. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा फारसा नसतो, त्यामुळे शरीराचे शिपाई तिथे नीट पोचत नाहीत. गड्ड्याचे तुकडे सुटून मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुस, कुठेही जाऊ शकतात. रुग्णाला आठवडेच्या आठवडे ताप, घाम, वजन उतरणं, धाप. हृदयाच्या पंपाची ताकद कितीही असो, जंतूला तिच्याशी काही देणंघेणं नसतं. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये याच आजारावर गाजलेली व्याख्यानं दिली, आणि तेव्हा ते क्रेन्झलाइनच्याच भावी विद्यापीठात, पेनसिल्व्हेनियात, प्राध्यापक होते. आजाराचं वर्णन चोख झालं होतं, उपचार मात्र शून्य. निदान म्हणजे बहुधा मृत्यूची तारीख, एवढाच अर्थ.

हे जंतू येतात कुठून? त्यांचा एक मोठा पत्ता म्हणजे आपलं तोंड. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या यांतून स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू रक्तात उतरतात. क्रेन्झलाइन दंतवैद्य होता म्हणून त्याच्या मृत्यूचं खापर त्याच्या दातांवर फोडायचा मोह होतो, पण शंभर वर्षांनी दुरून असं निदान करणं हा निव्वळ आगाऊपणा ठरेल. त्याच्या हयातीत दातांबाबत वैद्यकाचा लंबक मात्र जोरात हलला होता. १९१० साली विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलमध्ये तोंडातल्या सुप्त संसर्गावर व्याख्यान दिलं आणि त्यानंतर सांधेदुखीपासून मानसिक आजारांपर्यंत सगळ्याला दात जबाबदार धरले जाऊ लागले. कित्येकांचे चांगले दात उपटले गेले. तो अतिरेक ओसरला. झडपांचा आणि दातांचा संबंध तेवढा खरा निघून टिकला.

प्रिन्स्टाइनचं काय झालं? १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये त्यानं लांब उडी आणि तिहेरी उडी दोन्ही जिंकल्या, हिशेब चुकता केला. १९२५ मध्ये, पन्नाशीही न गाठता, न्यूयॉर्कमध्ये हृदयविकारानं त्याचा मृत्यू झाला. दोन प्रतिस्पर्धी, दोघांचंही हृदय. यातून काही सिद्धांत मांडायला निघालात तर थांबा. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सुमारे १५ हजार ऑलिंपिक पदकविजेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपापल्या देशातल्या सर्वसाधारण लोकांपेक्षा ते सरासरी २.८ वर्षं जास्त जगले. सरासरीचं हे गणित वॉर्डातल्या त्या नातेवाइकाला समजावणं सगळ्यात कठीण. व्यायामानं करोनरी आजाराची, मधुमेहाची, रक्तदाबाची शक्यता कमी होते. ती शून्य होत नाही, आणि झडपेवर बसलेल्या जंतूबाबत तर चालण्याचा काही उपयोगच नसतो.

क्रेन्झलाइन जानेवारीत गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले आणि त्यांना बुरशी चढलेली ती बशी दिसली. पण पेनिसिलिन एंडोकार्डायटिसच्या रुग्णापर्यंत पोचून तो बरा व्हायला १९४० चं दशक अर्धं उलटावं लागलं.

आपल्याकडे हा आजार अजून भरपूर दिसतो. लहानपणी घसादुखीतून आलेल्या संधिज्वरानं ज्यांच्या झडपा खराब झाल्या, असे रुग्ण सरकारी रुग्णालयात सतत येत असतात. आज उपचार म्हणजे शिरेतून चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक, कधी शस्त्रक्रिया. यातले बरेचजण वाचतात. पण उपचाराआधी जंतू कोणता ते कळावं लागतं, त्यासाठी औषध सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या वेळी रक्त घेऊन ते कल्चरला पाठवावं लागतं. होतं असं की झडपेचा आजार माहीत असलेला माणूस तापासाठी दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणतो, दोन दिवस बरं वाटतं, ताप परत येतो, पुन्हा चार गोळ्या. आमच्याकडे येईपर्यंत जंतू रक्ताच्या नमुन्यातून गायब झालेले असतात, झडपेवर मात्र ठाण मांडून असतात. कल्चरचा अहवाल कोरा येतो आणि आम्ही अंदाजानं औषध निवडतो. कृत्रिम झडप बसवलेल्यांनी, पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन गेलेल्यांनी आणि जन्मतः काही विशिष्ट हृदयदोष असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला ते सांगायचं असतं, म्हणजे तो आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतो. बाकीच्या झडपेच्या रुग्णांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारावं. आठवड्यापेक्षा जास्त रेंगाळलेला ताप असेल तर गोळी घेण्याआधी रक्त द्यायला यावं. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो, रांग मोठी असते, केसपेपरवर झडपेचा आजार असं लिहिलेलं दाखवलं तर पुढे घेतात.